लॉनच्या गवताचा मुरघास: ५०० किलोची बॅग वापरून बघितली, पाचपैकी तीन स्टार

आधीच सांगतो, मुरघासाची (म्हणजे हवाबंद दाबून आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याची) बॅग खराब नाहीये. मी ती चुकीच्या कामाला घेतली आणि दुकानदारानेही विचारलं नाही की बाबा भरणार काय आहेस. मका भरणाऱ्यांनी माझे तीन स्टार वाचून घाबरू नका.

आमच्या तीन एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित) गायी, एक गाभण कालवड, आणि चाऱ्याला जमीन म्हणाल तर घरामागचा तुकडा. नाशिकला औरंगाबाद नाक्याच्या पुढे गेलं की लग्नाची लॉन्सच लॉन्स, त्यातल्या एका ठिकाणी दूध घालतो मी. साधारण एकरभर हिरवळ, पावसाळ्यात आठवड्याला मशीन फिरवावं लागतं आणि निघालेलं गवत माळीबाबा मागच्या भिंतीला ढीग लावून सडवायचे. दोन दिवसांत त्यातून वाफा यायच्या आणि वास असा की पाहुणा नाक धरूनच पार्किंगला जाणार. मी म्हटलं मला द्या, मॅनेजर म्हणाला उलट तूच उचलून ने, आमचा ट्रॅक्टरचा खर्च वाचतो.

ताजं घातलं तर गायी तुटून पडतात पण किती घालणार, पोट फुगायची भीती, आणि उरलेलं गोणीत ठेवलं की संध्याकाळपर्यंत गरम होऊन पिवळं. वाळवायचं तर पावसात ऊन कुठंय, आणि हे बारीक गवत वाळताना गोधडीसारखं एकमेकाला चिकटतं, वरून वाळलेलं आतून कुजकं. म्हणून मुरघास. शिवाय मशीननेच बोटभर तुकडे केलेले असतात, कुट्टी करायचं काम वाचलं.

बॅग साडेचारशेला मिळाली, बाहेरून विणलेलं पांढरं प्लॅस्टिक, आत वेगळं लायनर. शिवण चांगली, भरल्यावर चार जणांनी कडी धरून ओढली तरी उसवली नाही. लायनर मात्र पातळ, नखाने ताणलं तर पांढरं पडतं. तोंड बांधायला दिलेली दोरी फेकून द्या, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आवळा.

आता माझी चूक. एका कापणीला लॉनमधून निघतं दीड-पावणेदोनशे किलो ओलं गवत, ते सुकवल्यावर राहतं शंभर-सव्वाशे. म्हणजे बॅग भरायला चार-पाच कापण्या पाहिजेत! मी केलं काय तर पहिली खेप भरली, तोंड बांधलं, आठ दिवसांनी उघडलं, दुसरी खेप वर दाबली, परत बांधलं, असं चार वेळा. मुरघासाचा सगळा खेळ हवा बाहेर काढण्याचा आहे हे माहीत असून केलं, तिसऱ्या वेळी हात कोपरापर्यंत आत घातला तर चटका बसेल इतकं गरम. दीड महिन्याने फोडली तेव्हा प्रत्येक खेपेच्या सांध्यावर पांढऱ्या बुरशीचा थर, केकमध्ये क्रीम असतं ना तसा, आणि तळाचं काळं चिकट, वास उलटीसारखा. तिसरा हिस्सा उकिरड्यावर गेला. कालवड गाभण, बुरशीचं काही तिच्यापुढे टाकायची माझी हिंमत नाही.

मग लोणच्याच्या कारखान्यातले दोन निळे ड्रम आणले, दोनशे लिटरचे, झाकणाला लोखंडी रिंगचं लॉक असलेले (केमिकलचे स्वस्तात मिळतात पण घेऊ नका, कितीही धुवा). एका ड्रममध्ये दाबून एक कापणी बरोब्बर बसते. सकाळी कापलं, संध्याकाळी भरून झाकण बंद, परत हात नाही लावायचा. पहिला ड्रम ४५ दिवसांनी उघडला, रंग सुकलेल्या मेथीसारखा पिवळट हिरवा आणि वास आंबूस-गोड, इडलीचं पीठ फुगल्यावर येतो तसा. पहिल्या दिवशी गायींनी हुंगून तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी कडब्यात मिसळून दिलं तर गव्हाण चाटली.

पावसाळ्यातलं गवत नुसतं पाणी असतं, तसंच दाबलं की तळाला रस साचतो. सुकवायला मॅनेजरने जेवणाची शेड दिली, चातुर्मासात लग्नं नाहीत म्हणून रिकामीच असते. फरशीवर चार बोटं थर पसरायचा, वरचे पंखे चालू करायचे (बिल त्यांचं, मी दर आठवड्याला दोन लिटर दूध जास्त देतो) आणि दोन तासांनी हलवायचं. मूठभर घट्ट दाबून सोडायचं, बोटांतून पाणी गळलं तर अजून ओलं, गोळा हळूहळू उलगडला तर भरायला घ्या, लगेच फुटून पडला तर जास्त वाळलं. लॉनच्या गवतात साखर कमी म्हणून शंभर किलोला दोन किलो गूळ थोड्या पाण्यात विरघळवून थराथरावर शिंपडतो आणि पायाने तुडवतो. पाय धुऊन हं.

लग्नसराईत उलटं. गवत कोरडं, सुकवायला सोपं, पण त्यात काय काय निघेल सांगता येत नाही. मांडववाल्यांच्या टाचण्या, तारेचे तुकडे, साडीच्या पिना, आइस्क्रीमचे चमचे. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून पसरलेल्या गवतावरून फिरवतो, एका रिसेप्शननंतरच्या कापणीत सतरा टाचण्या आणि एक खिळा निघाला. गाय चावून खात नाही, गिळते आणि मग निवांत रवंथ करते, तार पोटात गेली की हृदयापर्यंत टोचत जाते. प्लॅस्टिक हातानेच वेचावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही. तरी मनाचं समाधान होत नाही म्हणून डिसेंबर ते मेचं गवत मी आता घेतच नाही, फक्त पावसाळ्याचं.

माळीबाबांशी दोस्ती ठेवा. तणनाशक किंवा वाळवीचं औषध मारलं की ते आधी फोन करतात, त्या कापण्या मी सोडून देतो. कुंपणाची छाटणीही वेगळी ठेवायला सांगितलंय, त्यांच्या कडेला कण्हेर आहे, ती चुकून मिसळली तर गाय हातची गेली समजा.

गायींचं म्हणाल तर एकीला दिवसाला पाच-सहा किलोच्या वर नाही, आणि तेही धार काढून झाल्यावर, नाहीतर दुधाला वास लागतो. मध्ये मी जोशात दहा किलो दिलं, कडबा कमी केला. शेण पातळ, रवंथ कमी आणि आठवड्यात डेअरीवर फॅट ३.६ वरून ३.२. इथे दर ३.५-८.५ (फॅट ३.५, फॅट सोडून बाकी घन भाग म्हणजे एसएनएफ ८.५) ला धरून मिळतो, म्हणजे फुकटच्या गवताने खिशातून पैसे काढले. कडबा परत वाढवला तेव्हा लाईनवर आलं. गवत इतकं बारीक की चावायला काही उरतच नाही, कडब्याची जागा ते घेणार नाही, तुमची थोडी हिरवी वैरण आणि थोडी पेंड वाचेल इतकंच.

तर बॅगचे तीन स्टार, एक पातळ लायनरसाठी कापला, दुसरा दुकानदाराने साइज विचारली नाही म्हणून. एकाच दिवशी दोन-तीन लॉन्सचं गवत उचलायची सोय असेल तर हीच घ्या. माझी आता गोठ्यात कडब्यावर झाकायला वापरतोय, लायनरला घुशीने भोक पाडलंय. ड्रम अजून दोन बघतोय, कोणाकडे लोणच्याचे असतील तर कळवा, झाकणाची रिंग गंजलेली नको.