मार्टिनी, थ्री-नॉट-थ्री की नुसती तेलाची कुपी?

भाच्याला जुन्या लष्करी रायफली जमवायचं वेड लागलंय. रविवारी पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता त्यानं विचारलं, "मामा, पहिली कुठली घेऊ?" इंदूरसारख्या गावात, शेजारी महूची लष्करी छावणी असताना, हे वेड लागणं साहजिकच आहे. पण आधी कुठली घ्यायची ते ठरवण्यापेक्षा कुठली घेता येते ते बघावं.

मन पहिलं थ्री-नॉट-थ्रीवर, म्हणजे .303 बोअरच्या ली-एनफील्ड रायफलीवर जातं. एनसीसीत आम्ही तीच खांद्यावर वागवली. वजन जवळजवळ चार किलो, अंगावर 'डीपी' कोरलेलं, म्हणजे फक्त कवायतीची. 1907 चं हे मार्क थ्री मॉडेल, दहा गोळ्यांचं मॅगझिन, आपल्या इशापूरच्या कारखान्यातही बनलेलं. देखणी आहे, वाद नाही. पण .303 हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप आहे. सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही, आणि विनापरवाना सापडली तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं कैद. "डीपी आहे, चालत नाही" हा बचाव डोक्यातूनच काढावा. दुरुस्त होण्याजोगी असली तर सूट नाही. भाचा अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात 1898 किंवा त्याआधीचं हत्यार 'अँटिक' ठरतं आणि बहुतेक कटकटीतून सुटतं. ते तिकडं.

मार्टिनी-हेन्री रायफलीची गोष्ट वेगळी. 1871 ची, एका वेळी एकच गोळी, आणि मुठीखालचा लिव्हर खाली ओढला की आतला ठोकळा खाली झुकतो. तो आवाज एकदा ऐकावाच. 1857 नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना हत्यारात एक पिढी मागं ठेवलं. गोऱ्यांकडं नवी मॅगझिन रायफल आली तेव्हा मार्टिनी आपल्या शिपायांकडं उतरली. म्हणून मला ती .303 पेक्षा जास्त आपली वाटते. शस्त्र कायद्याच्या कलम 45(सी) मध्ये सूट आहे, पण दुरुस्ती करूनही चालणार नाही अशाच जुन्या हत्याराला. बाकी ऐतिहासिक हत्यारांचा नियमांत वेगळा वर्ग आहे. कुठल्या खणात बसते ते विकणाऱ्याला विचारू नये, जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घ्यावं, आणि तेही पैसे देण्याआधी. खैबर खिंडीकडं बनवलेल्या नकलाही असतात. मुकुटाखाली 'व्ही. आर.' (म्हणजे राणी व्हिक्टोरिया) आणि साल 1901 च्या पुढचं असेल तर हसून परत द्यावी. राणी त्याच वर्षी जानेवारीत गेली. उलटं कोरलेलं 'एन' अक्षर दिसलं तरी तेच.

माझं मत विचाराल तर नवशिक्यानं रायफलीला हातच लावू नये. थ्री-नॉट-थ्रीच्या बटाच्या, म्हणजे दस्त्याच्या, पितळी पट्टीला एक चिमुकलं दार असतं, त्यात तेलाची कुपी आणि पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी. ती कुपी घ्यावी. चामड्याचा पट्टा, गोळ्यांची क्लिप, बिल्ले घ्यावेत. जिवंत काडतूस मात्र नको. संगीनही घाईत नको. तिचं पातं नऊ इंचांच्या मर्यादेहून बरंच लांब, म्हणून ती शस्त्रांतच मोडते.

फसायचं तर इथंच स्वस्तात फसावं. मी एक पितळी बारूददाणी "सत्तावन्नची" म्हणून घेतली होती. घरी आणून खिडकीशी धरली तर सगळीकडं एकसारखी काळी. खरं जुनं पितळ जिथं हात लागतो तिथं झिजून उजळतं, काळोखी खाचांत उरते. माझ्या दाणीची तर ओतकामाची शिवणही अजून धारदार होती.

घरात आजोबांची ठासणीची बंदूक असेल तर गोष्ट निराळी. आजोबांच्या परवान्याची प्रत शोधा आणि वारस म्हणून अर्ज करा.

भाच्यानं ऐकून घेतलं. आता तो महूच्या इन्फन्ट्री म्युझियममध्ये जाणार आहे, वही घेऊन, रायफलींवरच्या खुणा उतरवायला. पेन्सिल मी दिली. कुपी मात्र देणार नाही.