झिजलेली चांदी की कळकलेलं तांबं?

रोमन नाणी जमवायची हौस आहे, पण ठसठशीत चेहऱ्याच्या नाण्यांचे भाव खिशाला झेपत नाहीत, अशांपुढे दोन वाटा उरतात. डिनेरियस हे चांदीचं नाणं, पण हातोहाती फिरून झिजलेलं, घ्यायचं, नाहीतर चौथ्या शतकातली, मातीत पडून कळकलेली तांब्याची नाणी न साफ केलेल्या अवस्थेत पिशवीने आणायची. मी दोन्ही जमवली आहेत. इंग्लंडात राहत असल्यामुळे मला ही खरेदी सोपी पडते; भारतात असाल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी समजून घ्या.

पिशवीची मजा मी नाकारणार नाही. एका झिजक्या डिनेरियसच्या पैशात तांब्याची मूठभर नाणी सहज येतात. ती डिस्टिल्ड पाण्यात भिजवायची, पाणी बदलत राहायचं, मग भिंगाखाली धरून टोकदार काडीने माती सोडवायची. एखाद्या रात्री त्या ढेकळातून दोन शिपाई बाहेर येतात, मध्ये निशाणं. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याने हा ठसा इ.स. ३३० पासून इतका पाडला की नवशिक्याच्या वाट्यालाही तो बहुधा येतोच. निशाणं दोन असली तर नाणं आधीचं, एकच असलं तर साधारण ३३५ नंतरचं. खालची अक्षरं शाबूत असली तर टाकसाळ ट्रियरची की सिसियाची, तेही कळतं. घाई मात्र चालत नाही. अशा नाण्यावरचा तपशील पुष्कळदा धातूत नसतोच, वरच्या घट्ट हिरव्या थरात असतो. विजेचा प्रवाह सोडून थर उडवला की सम्राटाचं नाकही त्याच्याबरोबर जातं.

इथवर तांबंच पुढे आहे. पण सगळं निस्तरून, मेण लावून नाणं डबीत ठेवावं, आणि काही महिन्यांनी कानामागे फिकट हिरवा ठिपका दिसावा! टोकरलं की रांगोळीसारखी भुकटी बोटाला लागते, खाली खड्डा. हा नेहमीचा हिरवा थर नव्हे. जमिनीतल्या क्षारांमधलं क्लोराइड तांब्यात मुरून बसलेलं असतं. ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होतं. जमवणाऱ्यांच्या भाषेत हा ब्रॉन्झ डिसीज. उपाय आहेत: सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे बुडवा, खडखडीत वाळवा, सिलिका जेल घालून डबीतली आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवा. मी हे सगळं करतो. तरी ठिपका येतो, कधी त्याच जागी, कधी पाठीवर. एकाचा दुसऱ्याला संसर्ग होत नाही म्हणे, पण मी आजारी नाण्यांची डबी वेगळी ठेवतोच. हौसेने जमवलेल्या वस्तूंची ही कायमची शुश्रूषा मला नकोशी झाली. इथल्या दमट हवेत ही गत, तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा.

झिजलेल्या चांदीत हे दुखणं नाही. माझ्याकडे रोमन सेनानी मार्क अँटनीचं डिनेरियस आहे, ख्रिस्तपूर्व ३२-३१ मध्ये त्याने सैन्याच्या पगारासाठी पाडलेल्यांपैकी. एका बाजूला वल्ह्यांचं जहाज, दुसरीकडे दोन निशाणांमध्ये गरुड आणि लिजनचा, म्हणजे सैन्याच्या तुकडीचा, आकडा. चांदी कमी कसाची, म्हणून लोकांनी चांगली नाणी पुरून ठेवली आणि ही चालवत राहिले. तिसऱ्या शतकातल्या साठ्यांमध्येही ती सापडतात. माझ्या नाण्यावर वल्ही म्हणजे चार पुसट रेघा उरल्यात आणि गरुडाचा नुसता उंचवटा. आकडा दिवा तिरपा धरला तरच लागतो. कडेला कुणा सराफाने पारखताना मारलेली बारीक खूण मात्र स्वच्छ आहे. मला ती गरुडापेक्षा आवडते.

उणिवा आहेतच. हाताला काम मिळत नाही. आणलं, पाहिलं, ठेवलं. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी त्या काळीही चालत, तीही गळ्यात पडू शकतात. पण झिजलेल्या नाण्यात उंचवट्यांवर आणि कडेला कुठेच तांबं उघडं पडलेलं नसेल, तर आतही बहुधा चांदीच असते.

घरात मुलं असतील, किंवा टोकरत बसण्यातच तुम्हाला गंमत असेल, तर पिशवी आणा, मी अडवणार नाही. फक्त ती नाणी कुठून निघाली ते विचारा. बरीचशी बाल्कन भागातून येतात आणि कागदपत्रं क्वचितच असतात. एरवी त्याच पैशात एकच झिजलेलं डिनेरियस घेतलेलं बरं, असं आपलं मला वाटतं. विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला फोटो मागा. समोरून झगझगीत प्रकाशात काढलेल्या फोटोत अँटनीच्या नाण्यावरचा लिजनचा आकडा हटकून हरवतो, आणि आकडा न लागलेल्या नाण्याची किंमतही कमी लागते.