घरी येऊन रक्त नेणारी आमची लॅब: पाचपैकी चार तारे

आईच्या छातीत महिनाभर धडधडत होतं. ईसीजीत ठोके अनियमित दिसले, तेव्हा डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणीही करायला सांगितली. थायरॉईडचं हार्मोन वाढलं की हृदयाची लय बिघडू शकते. लॅबची मुलगी सकाळी सातला दारात हजर. दंडाला पट्टा बांधता बांधता तिने विचारलं, "काकू, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का?" आई घेत होती! त्याने रिपोर्ट चुकू शकतो. डॉक्टरांना विचारून गोळ्या बंद केल्या, दोन दिवसांनी ती परत आली, जादा पैसे न घेता. टीएसएच ०.०१, फारच कमी, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन बहुधा वाढलेलं. एक तारा कापला, कारण संध्याकाळी मिळणारा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ती रात्र आईने उशीला टेकून बसूनच काढली.