एका कागदावर दोन पाने, चार पाने की पुस्तिका?

मराठी नोट्सची ६० पानांची पीडीएफ छापायची आहे असे धरू. आकार ए४, अक्षर १२ पॉइंट. नुसती पाठपोट छापली तर ३० कागद लागतात. एका बाजूला दोन पाने घेतली तर १५, चार घेतली तर ८.

आकडा मोहात पाडतो, पण आधी अक्षर बघा. दोन पानांत मजकूर ७१ टक्क्यांवर येतो, म्हणजे साधारण साडेआठ पॉइंट. चार पानांत थेट ६. एवढ्या बारीक छपाईत इंग्रजी कसेबसे वाचता येते; देवनागरीत अनुस्वार आणि रफार बुजतात, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सारखेच दिसू लागतात. इंकजेटची शाई पातळ कागदावर पसरते, त्यामुळे तिथे तर आणखी वाईट. मराठी मजकुरासाठी चार पाने नकोतच.

स्लाइड्सना मात्र चार शोभतात, पण कागद आडवा हवा. उभ्या कागदावर स्लाइड जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर रुंद होते, आणि त्या रुंदीत सहा मावतात. मग चारच का घ्यायच्या? आडव्यावर तीच स्लाइड १४ सेंटिमीटरच्या आसपास जाते.

पुस्तिकेलाही, म्हणजे कागद मधोमध दुमडून घडीवर पिन मारलेल्या वहीला, १५ कागदच लागतात आणि अक्षरही तेवढेच राहते. फरक क्रमाचा: पहिल्या कागदावर ६० आणि १, त्याच्या मागे २ आणि ५९. पाने चारच्या पटीत नसतील तर शेवटी कोरी येतात. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, लांब दांड्याचा लागतो. पाने वाढली तर क्रमच बदलतो आणि अख्खी पुस्तिका पुन्हा छापावी लागते. नोट्समध्ये भर पडत राहणार असेल तर दोन पाने घेऊन कोपऱ्यात पिन मारणेच बरे.

वर्ड फाइल हातात असेल तर पान ए५ करा, समास १.२ सेंटिमीटर ठेवा आणि अक्षर ९ पॉइंट; अशी दोन पाने लहान न होता ए४च्या एका बाजूला बसतात. वाया जाणारा समास वाचतो, पाने वाढत नाहीत आणि अक्षर साडेआठपेक्षा मोठे मिळते.

मागची बाजू उलटी आली, तर पाठपोटच्या सेटिंगमध्ये ‘लाँग एज’ (कागद लांब कडेवरून उलटणे) निवडलेले असते. दोन पाने आणि पुस्तिका, दोन्हींना ‘शॉर्ट एज’ (आखूड कडेवरून उलटणे) लागते. आणि अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये ‘मल्टिपल’ला (एका बाजूला किती पाने) दोन निवडले असतील, तर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पेजेस पर शीट’ एकच ठेवा. दोन्हीकडे दोन ठेवले की कागदाच्या एकाच बाजूला चार पाने उमटतात. आधी फक्त १ ते ४ पाने छापून बघा, एकाच कागदावर दोन्ही चुका कळतात.