रोजच्या बायबल वाचनाला काय घ्यावे: अ‍ॅप, छापील पुस्तिका की व्हॉट्सअ‍ॅपवरचे वचन?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला बसले की अडचण एकच असते. आजीचे शास्त्र मराठी, नातवाची शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची. भाग एकच वाचायचा, पण कळायला सगळ्यांना हवा. या कसाला लावून पाहिले तर यूव्हर्जनचे बायबल अ‍ॅप सगळ्यात पुढे आहे. २००८ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मध्येच जाहिरात येत नाही.

अ‍ॅपमध्ये अध्याय उघडा, वर भाषांतराचे नाव दिसते त्यावर बोट ठेवा आणि भाषा बदला. मराठीतून कन्नडमध्ये गेलात तरी अध्याय तोच राहतो. आजीने मोठ्याने वाचावे, पोराने आपल्या फोनवर कन्नडमध्ये डोळे फिरवावेत, छान जमते. मराठीत मात्र घरात सगळ्यांनी एकच भाषांतर ठरवून घ्यावे. एकाकडे बायबल सोसायटीचे आणि दुसऱ्याकडे आयआरव्ही (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) असले की आळीपाळीने वाचताना वाक्ये जुळत नाहीत, आणि निम्मी प्रार्थना 'तुझ्याकडे काय लिहिलंय?' यातच जाते. जांबोटी, कणकुंबीकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून भाषांतर आधीच वायफायवर उतरवून ठेवा. नावाशेजारी खाली जाणारा बाण दिसला तरच ते फोनमध्ये साठवता येते. सगळ्या भाषांतरांना ही परवानगी नसते.

अ‍ॅपची लंगडी बाजू म्हणजे त्यातल्या योजना, म्हणजे रोज कोणता भाग वाचायचा याच्या तयार आखण्या. मराठी योजना इंग्रजीच्या मानाने थोड्या, आणि अनुवाद केलेल्या असल्या की वाचताना ते लगेच कळते. त्यातले मनन, म्हणजे वचनावरचे छोटे चिंतन, सुरेख असते, पण ते कोणत्या गावात लागू करायचे हे उमगत नाही. त्यामुळे अ‍ॅपमधून शास्त्र घ्यावे आणि योजना स्वतः आखावी, हेच बरे.

आखताना आधी हिशेब करा. बायबलात १,१८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन पडतात. उत्पत्तीपासून सरळ निघालात तर २३ जानेवारीच्या सुमारास निर्गमचा २५ वा अध्याय येतो, म्हणजे निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापे सुरू, आणि २८ ला लेवीय हे नियमांचे पुस्तक. बहुतेक वार्षिक संकल्प इथेच बसकण मारतात. त्यात विश्वास कमी पडला असे काही नसते, आखणीच चुकलेली असते. शिवाय अध्याय मोजून वाचणे फसवे आहे. गणनाच्या ७ व्या अध्यायात ८९ वचने आणि स्तोत्र ११७ मध्ये अवघी दोन, तरी दोन्हींची मोजणी 'एक अध्याय' अशीच.

नवा करार २६० अध्यायांचा आहे. आठवड्याला पाच दिवस, रोज एक, असे धरले की ५२ आठवड्यांत बरोबर संपतो. उरलेले दोन दिवस मागे राहिलेले भरून काढायला आणि रविवारच्या उपासनेला. अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मार्कचे १६ अध्याय द्या, मग याकोबाचे पत्र, पाच अध्याय, सोमवार ते शुक्रवार. खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. त्या दिवसाचा भाग वाचा आणि पुढे चला. अ‍ॅपमधली तयार योजना घेतलीच असेल, तर राहिलेले दिवस पुढे सरकवण्याची सोय तिच्या सेटिंगमध्ये असते.

सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फुलाफुलांच्या वचनाला गुण कमीच. बहुतेकदा पुस्तकाचे नाव, अध्याय काहीच नसते, आणि असले तरी संदर्भ कापलेला. यिर्मया २९:११ हे लाडके उदाहरण. भवितव्य आणि आशा देण्याचे वचन म्हणून ते परीक्षेच्या, लग्नाच्या, नोकरीच्या शुभेच्छांत फिरते. पत्र लिहिले आहे बाबेलात धरून नेलेल्या लोकांना, आणि आधीच्याच १० व्या वचनात सत्तर वर्षे थांबायला सांगितले आहे. त्याआधी ५ ते ७ मध्ये आहे ते असे: घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेऊन ठेवले त्याचे हित पाहा. सीमाभागात राहणाऱ्याने खरे तर हीच तीन वचने फॉरवर्ड करायला हवीत! तेव्हा असा मेसेज आला की मागची पाच आणि पुढची पाच वचने वाचायची. दोन मिनिटांचे काम आहे.

छापील मननाची पुस्तिका ज्येष्ठांसाठी अजूनही उत्तम, अक्षर मोठे असेल तर. डिसेंबरात घेताना मधलीच चार पाने उघडून पाहा. वर अख्खे वचन छापून दिले असेल तर घरात शास्त्र उघडलेच जात नाही. नुसता संदर्भ देणारी पुस्तिका घ्यावी. मनन एका पानात संपावे आणि शेवटी त्याच दिवशी करता येईल असे काही असावे. याकोब ५:४ वर मनन आहे आणि 'देव न्यायी आहे' एवढ्यावर थांबले, तर ते कच्चे. त्या वचनात पिकाची कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे. लेवीय १९:१३ मजुरी रात्रभर अडकवू नको म्हणते, अनुवाद या पुस्तकातले २४:१५ तर सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगते. उसाच्या पट्ट्यात हे वाचणाऱ्याला चांगले मनन विचारील, तोडणीवाल्याचे, गड्याचे, घरकामाच्या बाईचे पैसे आज दिलेस का? आणि ज्या लेवीयाला कंटाळून वाचन सुटते, त्यातच हे वचन आहे.

कॅथलिक घरांसाठी वेगळी सूचना. रोजच्या मिस्साची वाचने आधीच ठरलेली असतात, त्यामुळे योजना शोधायची गरजच नाही. सोमवार ते शनिवारचे शुभवर्तमान दरवर्षी तेच असते. पहिले वाचन सामान्य काळात (नाताळ, उपवासकाळ, ईस्टर यांचे काळ सोडून) दोन वर्षांच्या चक्राने बदलते, आणि चक्र १ जानेवारीला नव्हे, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी पालटते. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके, ६६ पुस्तकांच्या आवृत्तीत तोबित, बेन सिरा, मक्काबी नाहीत. यादीत ती आली आणि अ‍ॅपमध्ये सापडली नाहीत, तर भाषांतर ६६ चे आहे असे समजा. इंटरनेटवरच्या काही इंग्रजी याद्यांत स्तोत्राचे शीर्षकही वचन म्हणून मोजतात, म्हणून आकडे सरकतात. यादीत स्तोत्र ५१:१२ असेल तर बायबल सोसायटीच्या मराठीत ५१:१० पाहा. स्तोत्र २३ ला हा घोळ नाही.