स्वस्त होस्टिंगचे चौदा महिने: एक आंब्याचा हंगाम आणि एक रिन्यूअल

आमची पहिली साइट फुकटची होती. ती देणाऱ्या कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये सेवाच गुंडाळली, तेव्हा पडवीत दीड हजार छापील खोके रचून ठेवलेले होते आणि प्रत्येकावर त्या साइटचा पत्ता. खोके टाकून देणार कसे? जाऊबाई आणि मी दुपारच्या वेळी बसून एकेकावर फोन नंबरचे स्टिकर चिकटवले. पुढचा पत्ता आपल्या मालकीचा घ्यायचा, हे तेव्हाच ठरलं.

रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमं आहेत. पेट्या, जोडीला आंबापोळी, आमसुलं, कोकम आगळ. साइट म्हणजे पाच पानं: भाव, कुरिअर कुठे जातं, बागेचे फोटो, ऑर्डरचा फॉर्म, संपर्क. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची भाड्याची जागा. एवढ्यासाठी शेअर्ड होस्टिंग पुरतं. म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो साइट, चाळीतल्या बिऱ्हाडांसारख्या. नळ एक आणि बादल्या अनेक. पुण्याची भाची म्हणाली, "मावशी, पाच पानांना वर्डप्रेस कशाला? साधी एचटीएमएल पानं फुकट ठेवता येतात." बरोबरच होतं तिचं. पण हंगामात भाव दर चार दिवसांनी बदलतो आणि तो मला रात्री मोबाइलवरून बदलायचा असतो. म्हणून वर्डप्रेस, ज्यात पानं लॉग-इन करून सहज बदलता येतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये होस्टिंग घेतलं. जाहिरातीत महिना ७९ रुपये लिहिलं होतं. तो दर होता चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर. एका वर्षासाठी १४९ पडले, वर १८ टक्के जीएसटी, मिळून साधारण २,११० रुपये. पैसे भरायच्या पानावर आधीच टिक केलेली दोन 'संरक्षणं' होती, ती काढली. विकतचं एसएसएलही (साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणारं प्रमाणपत्र) घेतलं नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट असतं, आमचं तेव्हा ९० दिवसांचं होतं, आणि सर्व्हर ते आपणहून नवं करून घेतो. गेल्या चौदा महिन्यांत मला त्याकडे बघावंही लागलं नाही.

सर्व्हर कुठला हवा असं विचारलं तेव्हा मुंबई निवडली. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतची एक जा-ये २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा वर जाते, आणि आमचं गिऱ्हाईक पुण्या-ठाण्याचं. वेगाबद्दल माझी काही तक्रार नाही. साइट हळू होती तेव्हा दोष माझ्या फोटोंचा होता. मोबाइलमधले पाच-पाच एमबीचे फोटो मी तसेच चढवले होते.

खरा त्रास झाला मेलचा. एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एका बाईंचा निरोप आला, "फॉर्म भरून आठ दिवस झाले, पेटी कधी?" स्पॅमचा फोल्डर उघडला तर आत तेवीस ऑर्डरी पडलेल्या. होस्टिंगच्या चॅटवर "सर, आमच्या बाजूने सगळं ठीक आहे" हेच उत्तर तीनदा. (माझं नाव वर लिहिलेलं असूनही मी शेवटपर्यंत सरच.) आणि खरं म्हणजे त्यांच्या बाजूने ठीकच होतं. आमचा फॉर्म मेल पाठवताना पाठवणारा म्हणून गिऱ्हाइकाचाच जीमेल पत्ता लावत होता. मेल आमच्या सर्व्हरवरून निघालेला, नाव मात्र जीमेलचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने असल्या मेलबाबत नियम कडक केलेत. उपाय सोपा निघाला: पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा ठेवायचा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये (उत्तर कुणाला जावं त्या रकान्यात) टाकायचा.

मग मी स्वतःच घोळ वाढवला. डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींमध्ये, एसपीएफची एक ओळ असते. आपल्या नावाने मेल पाठवायचा हक्क कुठल्या सर्व्हरला आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. होस्टिंगवाल्यांची ओळ आधीच होती. मी वेगळी मेल सेवा घेतली आणि तिची दुसरी ओळ खाली जोडली. एसपीएफच्या दोन ओळी झाल्या की तपासणीच फसते, एकही धरली जात नाही. दोन दिवसांनी भाचीने दोन्हींची मिळून एक ओळ केली, डीकेआयएम (मेलवर डोमेनची डिजिटल सही) सुरू केलं, आणि मेल इनबॉक्समध्ये यायला लागले. त्या तेवीसपैकी नऊ जणांनी तोवर आंबा दुसरीकडून घेतला होता.

दुसरा प्रसंग अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळचा, २९ एप्रिल २०२५. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर आमची लिंक टाकली आणि साइटवर ५०८ आकड्याची चूक दिसू लागली. म्हणजे आमच्या वाट्याची बादली भरली. वर्डप्रेस दर भेटीला पान नव्याने रांधतं. कॅशिंगचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं की तेच पान तयार वाढलं जातं. मे महिन्यात पुन्हा तसं झालं नाही. बाकी "९९.९ टक्के चालू" या आश्वासनातसुद्धा महिन्याला ४३ मिनिटं बंद राहायची मुभा असते. आमची साइट सर्वांत जास्त वेळ बंद होती ती जुलैतल्या एका रात्री, जवळजवळ दोन तास. पावसाळ्यात कोण पेटी मागतोय!

बॅकअप होस्टिंगवाले आठवड्याला घेतात, पण परत बसवून द्यायचे पैसे मागतात. मी दर रविवारी प्लगइनने एक प्रत ड्राइव्हवर पाठवते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये रिन्यूअलचं बिल आलं: महिना ३४९, जीएसटीसकट वर्षाचे ४,९४२. शिवाय पहिल्या वर्षी 'मोफत' असलेल्या डोमेनचे ८९९ वेगळे. रद्द करायचं बटण दाबून कारण 'महाग' असं निवडलं, तर तासाभरात २५९ चा देकार आला. तो घेतला, फक्त एका वर्षाचा, कारण मोहोर धरायच्या दिवसांत साइट हलवायचा उत्साह माझ्यात नव्हता. पण डोमेन तिथून काढलं. ट्रान्सफरचा कोड मागायला दोन टिकिटं लागली. कोड मिळाल्यावर चार दिवसांत डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) माझ्या खात्यात आलं. आता होस्टिंग, मेल आणि डोमेन तीन ठिकाणी आहेत. पासवर्ड तीन, वही एक.

यंदाचे खोके छापायला टाकलेत. त्यांवर आमचा डॉट इनचा पत्ता आहे. डोमेनचे पैसे तीन वर्षांचे भरून ठेवलेत. खोके साधारण तेवढीच वर्षं पुरतील.