चौकोनाची सिद्धता: एकरूप त्रिकोण घ्यावेत की निर्देशक?

चौकोनाचा गुणधर्म सिद्ध करायचा तर कर्ण काढून एकरूप (आकाराने आणि मापाने सारखे) त्रिकोण शोधता येतात, किंवा शिरोबिंदूंना निर्देशक (आलेखावरची स्थाने सांगणाऱ्या संख्या) देऊन आकडेमोड करता येते. माझा कल त्रिकोणांकडे आहे, पण सरसकट नाही.

समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, हेच घ्या. चौकोन अबकड, कर्णांचा छेदनबिंदू म. त्रिकोण अबम आणि कडम यांत समांतर बाजूंमुळे व्युत्क्रम कोनांच्या (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंच्या समान कोनांच्या) दोन जोड्या मिळतात आणि अब = कड. कोबाको (कोन-बाजू-कोन) कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून अम = कम, बम = डम. पण अब = कड आणले कुठून? ते आधी त्रिकोण अबक आणि कडअ यांवरून, अक ही सामाईक बाजू धरून सिद्ध करावे लागते. हा क्रम चुकला की सिद्धता स्वतःभोवतीच फिरते.

आता निर्देशक: अ(०, ०), ब(प, ०), ड(त, न), तर क(प + त, न). दोन्ही कर्णांचा मध्यबिंदू ((प + त)/२, न/२). संपले! मात्र क चे निर्देशक तेच का, हे लिहायला विसरू नका. पक्षातली (म्हणजे दिलेली) समांतरता वापरली जाते ती तिथेच. गणित सुटते हे खरे, पण चौकोन असा का वागतो ते त्रिकोणांतूनच डोळ्यांना दिसते.

पतंगासाठी (लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या समान असलेल्या चौकोनासाठी) तर दुसरा विचारच नको: अब = अड, कब = कड, अक सामाईक, बाबाबा (तिन्ही बाजू समान) कसोटी, अ आणि क हे दोन कोन अक ने दुभागले.

उलट, कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडले की समांतरभुज चौकोन होतो, हे फ्रेंच गणितज्ञ व्हॅरिन्यॉनचे १७३१ साली प्रसिद्ध झालेले प्रमेय. मूळ चौकोनात काहीच समान नसल्याने कर्णाने पडलेले त्रिकोण एकरूप असतीलच असे नाही. इथे निर्देशक घ्या. समोरासमोरचे मध्यबिंदू जोडणाऱ्या दोन्ही रेषाखंडांचा मध्य चारही शिरोबिंदूंच्या निर्देशकांची सरासरी येतो, म्हणजे नव्या चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात आणि तो समांतरभुज ठरतो.

त्रिकोण निवडलेत तर एका ठिकाणी फार जपा. अब = कड आणि कोन ब = कोन ड दिले असतील, तर कर्ण अक सामाईक धरून ‘बाबाको’ (दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला कोन) लिहायचा मोह होतो. अशी कसोटीच नाही. या अटी पाळणारा, पण समांतरभुज नसलेला चौकोनही काढता येतो. ब आणि ड काटकोन असतील, तर मात्र कर्णभुजा कसोटी (काटकोन त्रिकोणांचा कर्ण आणि एक बाजू समान) लागते आणि चौकोन आयत ठरतो.